ताईने काय काय सोडलं, ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून हे सविस्तर पत्र. वाचून झालं की ताईला फॉरवर्ड करू नकोस. का, ते पुढे येईलच.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक, "मॅडम, दाजी हात उचलत नाहीत, मग याला छळ म्हणायचं का, की मीच उगाच मनाला लावून घेतोय?" आणि दुसरी, येत्या शनिवारी दोघा मित्रांना घेऊन भोसरीला ताईच्या घरी जायचं आणि दाजींना समज द्यायची. शनिवार जवळ आहे, म्हणून दुसरीचं उत्तर आधी देते. जाऊ नकोस. कारणं सांगणार आहे, पण पहिला प्रश्न सुटल्याशिवाय ती तुला पटायची नाहीत.

तू दाजींनी काय काय केलं त्याची यादी दिली आहेस. डबा भिरकावला. तुझ्या आईला चारचौघांत अडाणी म्हणाले. ताईच्या पगाराचं एटीएम कार्ड स्वतःच्या पाकिटात ठेवतात. लिहिताना तुलाही जाणवलं असेल की यातली एकेक बाब सुटी काढून दाखवली तर कुणीही म्हणेल, "एवढ्यावरून?" चौकीतला हवालदार म्हणेल, तुझे मामा म्हणतील, वडीलही म्हणतील. अशा याद्या अशाच असतात. सुटं सुटं बघितलं की सगळंच किरकोळ दिसतं.

मी समुपदेशन केंद्रात होते तेव्हा समोर बसलेल्या बाईला नवरा काय करतो हे आधी विचारत नसे. विचारायचे, "लग्न झाल्यापासून तुम्ही काय काय करायचं सोडलंत?" बायका आधी गोंधळायच्या. मग आठवून आठवून सांगायच्या. मैत्रिणीकडे जाणं सोडलं. शिवणकाम सोडलं. गजरा माळणं सोडलं, कारण 'कुणासाठी?' असं विचारलं गेलं. जेवताना दुसऱ्यांदा भाजी वाढून घेणं सोडलं. हे सांगता सांगता कितीजणींना तिथेच पहिल्यांदा कळायचं की आपलं जगणं किती आक्रसलं आहे.

आता तुझाच मेसेज या प्रश्नाने परत वाच. ताई माहेरी मुक्कामाला राहात नाही, संध्याकाळच्या आत निघते. बँकेतल्या प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही. ब्रँचमधल्या बायकांची भिशी सोडली. फोन कायम स्पीकरवर. आणि तू अगदी ओझरतं लिहिलेलं ते गौरीजेवणाच्या दिवशीचं. पंगत बसलेली, ताई वाढत होती, फोन वाजला तर भाताचं भांडं तिथेच टेकवून ती पदराला हात पुसत अंगणात पळाली आणि व्हिडिओ कॉल सुरू करून मोबाइल चारी बाजूंनी फिरवला. माजघर, पडवी, पंगतीतली माणसं, सगळं. कुणी सांगायच्या आतच फिरवला. तू लिहितोस, "तिला सवय झालीय." अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आपण कुठे आहोत आणि कुणाबरोबर आहोत याचा पुरावा जिला स्वतःच्या माहेरच्या अंगणातून द्यावा लागतो, तिच्यावर हात उचलायची गरजच पडत नाही.

भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? आमच्याही घरी झाली, आवाज चढले, दोन दोन दिवस अबोला चालला. पण भांडणात दोघांनाही बोलता येतं आणि दोघांपैकी कुणीही कधीतरी जिंकतं. छळात एकजण सतत दुसऱ्याचा मूड बघून पावलं टाकत असतो. जिन्यात बुलेटचा आवाज आला की तुझी चार वर्षांची भाची टीव्हीचा आवाज कमी करते, हेही तूच लिहिलंस. तिला कुणी शिकवलं?

कायद्यानेही हे फार आधी ओळखलं आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार दिले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. लोक पहिल्यावरच थांबतात. चौथा नीट वाच. तिच्या हक्काचा पैसा तिला वापरू न देणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन परस्पर विकणं किंवा गहाण टाकणं, हे सगळं त्यात येतं. पगार जमा झाल्याचा मेसेज तिच्या नव्हे तर त्याच्या मोबाइलवर जातो आणि रिक्षाला दोनशे रुपये मागताना ती आधी स्वयंपाकघरात उभं राहून शब्द जुळवते, हा 'त्यांच्या घरचा मामला' नाही. कायद्याने तो आर्थिक छळ आहे. तिसऱ्या प्रकारात मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं येतं, आणि तिच्या जिवाभावाच्या माणसाला इजा करण्याची धमकी वारंवार देणंही येतं. "तुझ्या भावाला एकदा दाखवतोच" हे वाक्य दाजींनी तुझ्या देखत हसत हसत म्हटलं ना? तुझ्यामागे ते किती वेळा आणि कोणत्या आवाजात म्हटलं जातं, तो प्रश्न वेगळा.

आणि 'हात उचलत नाहीत' हे तू गृहीत धरलं आहेस. नसेलही उचलत. पण बाई मारहाणीची गोष्ट सर्वांत शेवटी सांगते, आणि शय्येवरच्या जबरदस्तीची तर भावाला कधीच सांगत नाही. तेव्हा खोदून विचारू नकोस. फक्त एक खूण डोक्यात पक्की ठेव. त्याने कधी तिचा गळा दाबला, असं तिच्या किंवा आणखी कुणाच्या बोलण्यात आलं, एकदाच आणि 'सहज' आलं, तरी तो धोका वरच्या पायरीचा समजायचा. गळा दाबल्यावर बाहेर वळ उठेलच असं नाही, आतली इजा नंतर उलटू शकते, आणि ज्याने एकदा गळा धरला तो पुढे जीव घेण्यापर्यंत जाण्याची भीती खूप वाढते. तसं काही कानावर आलं तर पुढचे सगळे सल्ले बाजूला ठेवून त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्यायचं बघ, आणि मला फोन कर.

तुला सर्वांत जास्त राग दाजींचा आहे असं तुला वाटतं, पण मेसेजमध्ये एका जागी तो ताईवर घसरला आहे. "एवढी शिकलेली, स्वतः कमावते, मग राहते कशाला तिथे?" हा प्रश्न तिच्यापुढे चुकूनही काढू नकोस. तुझ्यापुरतं उत्तर देते. ती राहते, कारण डबा भिरकावल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच माणूस रडतो, तिच्या आवडीची साडी आणतो, सगळ्यांना महाबळेश्वरला नेतो. तिला तो माणूस हवा आहे, आणि हे चांगले दिवस टिकवायची जबाबदारी आपली आहे असं तिला पटवून दिलं गेलं आहे. ती राहते, कारण तिच्या लग्नासाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं आणि ते किती फिटलं याचा हिशेब तुझ्यापेक्षा तिला चोख ठाऊक आहे. 'दिल्या घरी सुखी राहा' हे तिने ऐकलेलं शेवटचं वाक्य आहे, आणि टीव्हीवरच्या सोशिक सुना रोज रात्री तेच घोटून घेतात. (त्या मालिकांवर कधीतरी वेगळं लिहीन, आज नको.) आणि ती राहते याचं आणखी एक कारण आहे, ते फार थोड्यांना सुचतं. निघून जाण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा असतो. ताबा सुटतोय असं दिसलं की असा माणूस जास्त पिसाळतो. तिला हे तुझ्या-माझ्याहून नीट कळतं, कारण ती रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघते आहे. तेव्हा ती भेकड आहे असं समजू नकोस. ती अंदाज घेत जगते आहे.

ती एकटी नाही, हेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास होता. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के बायकांनी. यात शिकलेल्याही आहेत आणि कमावत्याही.

आता शनिवारचं. तुम्ही तिघे गेलात, आवाज चढला, कॉलर धरली गेली. पुढे काय होईल? दाजी सरळ पोलीस ठाण्यात जाऊन 'मेहुण्याने गुंड आणून मारहाण केली' अशी तक्रार देतील. उद्या ताई स्वतः तक्रार द्यायला उभी राहिली तर हीच तक्रार तिच्यासमोर ठेवली जाईल. तू गाडीत बसून कराडला परत येशील, आणि रात्री त्या घराचं दार बंद झालं की तुझ्या प्रत्येक शब्दाचा हिशेब तिच्याकडून वसूल केला जाईल. तुझ्याशी बोलायची एक फट उरली आहे, तीही बंद होईल, कारण 'तुझा भाऊ गुंड आहे' हे कारण त्याला आयतं मिळेल. पण माझा मूळ आक्षेप याहून साधा आहे. शनिवारी जायचं हे ताईला विचारून ठरवलंस का? तिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय दुसराच कुणीतरी घेतो, हेच तर तिचं दुखणं आहे. त्यात तू प्रेमापोटी आणखी एका माणसाची भर घालतो आहेस.

रागावणार नसशील तर आणखी एक विचारते. तू ओघात लिहून गेलास की तुझ्या मैत्रिणीच्या इन्स्टाचा पासवर्ड तुझ्याकडे आहे आणि दोघांचं लोकेशन 'ऑन' असतं, आणि तुमच्यात मात्र विश्वास आहे. असेलही. एकदा तिला म्हणून बघ, "आजपासून बंद करू या." ती सुटल्यासारखी हसली तर तुला काय ते कळेल. तिने "कशाला?" म्हटलं आणि तुलाच पोटात कालवलं, तरीही कळेल. उत्तर मला कळवायची गरज नाही.

बरं, मग करायचं काय?

ताईला घरी भेटू नकोस आणि फोनवर तर हा विषय मुळीच काढू नकोस. तिचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडं असू शकतं, फोटो आपोआप दुसरीकडे जमा होत असू शकतात. म्हणूनच हे पत्र पाठवू नकोस म्हटलं. फोनचा पासवर्ड अचानक बदल असंही तिला सुचवू नकोस; ज्याला रोज फोन तपासायची सवय आहे त्याला त्याच दिवशी संशय येतो. दाजींची कामावर पहिली पाळी असते तो दिवस बघ. दुपारच्या सुट्टीत तिच्या ब्रँचजवळ एकटा जा, काहीतरी कामाचं निमित्त काढून. डबा खाताना बोल.

बोलायचं थोडं आणि ऐकायचं जास्त. "ताई, तू हल्ली घाबरल्यासारखी वाटतेस. मला काळजी वाटते. सांगावंसं वाटलं तर मी कुणाला न सांगता ऐकेन." एवढंच. ती "तसं काही नाही रे" म्हणेल. बहुतेक नक्कीच म्हणेल. मग वाद घालायचा नाही. "बरं. पण कधीही, रात्री दोन वाजताही, मी आहे" असं म्हणून विषय बदल, भाचीच्या शाळेचं विचार. दार उघडं आहे एवढं कळलं तरी पहिल्या भेटीचं काम झालं. पुढे कधी सांगितलंच तर तीन गोष्टी म्हणायच्या: माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, तू म्हणशील तसं करू. "तूही काहीतरी बोलली असशील" किंवा "आत्ताच्या आत्ता बॅग भर" ही दोन्ही वाक्यं गिळून टाकायची. दाजींना शिव्या द्यायच्या नाहीत. दिल्यास तर ती त्यांची बाजू घेईल आणि पुढच्या वेळी तुझ्यापासून लपवेल.

तिची तयारी दिसली की तिच्याबरोबर बसून, तिच्या मनाने, थोडी व्यवस्था करून ठेव. एखादं खुणेचं वाक्य ठरवा. "आईच्या गुडघ्याचं तेल संपलं का?" असं ती फोनवर म्हणाली तर अर्थ 'बोलता येत नाही, पण तू फोन चालू ठेव'. "तेल घेऊन ये" म्हणाली तर '११२ ला कळव आणि निघ'. स्पीकरवर कुणी ऐकत असलं तरी तेलाचं कुणाला काय वाटणार? भांडण पेटलं की स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात जायचं नाही, बाहेरच्या दाराच्या बाजूला राहायचं, हे तिला सांग. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू विश्वासाच्या आहेत का, ते तीच ठरवेल.

कागद हळूहळू, एकेक करून बाहेर काढायचे. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, भाचीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, दागिन्यांच्या पावत्या आणि त्या नसतील तर दागिने घातलेले लग्नातले फोटो. मूळ कागद गायब झालेला लक्षात येण्यासारखा असेल तर नुसती प्रत पुरे. हे सगळं तुमच्या घरी किंवा माझ्याकडे ठेवा, तिच्या कपाटात नव्हे. सोनं सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे म्हणून ते त्यांचं होत नाही. स्त्रीधन हे संपूर्णपणे त्या स्त्रीचंच, सासरची माणसं ते फक्त सांभाळत असतात, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला आहे.

आता एका कागदाविषयी जरा जास्त बोलते, कारण त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. तो म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी दवाखान्यात येते. हे ओळखूनच मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, म्हणजे मलमपट्टीला आलेल्या बाईला तिथेच कुणीतरी नीट विचारेल. पण बाई काय सांगते? "जिन्यावरून पडले." बरोबर नवरा उभा असतो, दुसरं काय सांगणार! डॉक्टर तेच लिहितात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात समोरचा वकील तोच कागद हातात धरून विचारतो, "मग तेव्हा पडलात म्हणून का सांगितलं?" ताईला कधी दुखापत होऊन जावं लागलं तर डॉक्टरांना "मला एकटीशी बोलायचंय" एवढं म्हणायला सांग, आणि खरं कारण केसपेपरवर लिहून घ्यायला सांग. नवऱ्याने मारलं असं लिहिलं म्हणजे त्याच दिवशी कोर्टात उभं राहावं लागतं असं नाही. पण उद्या लागलं तर कागद बोलतो. बाकी तारखा, धमकीचे मेसेज, वळांचे फोटो, हे तिच्या नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर जपून ठेवा.

कायद्याची वाट कशी जाते ते थोडक्यात. तालुक्याला महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते घरगुती घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा दाखल असावा लागत नाही. मग त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. हा अर्ज भोसरी जिथे येते तिथल्याच कोर्टात करावा असं नाही. ती माहेरी तात्पुरती येऊन राहिली असेल तर कराडलाही करता येतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिनोन् महिने जातात, हे आताच सांगून ठेवते. म्हणून वकिलांना पहिल्या दिवशीच अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायला सांगायचं. त्रास देऊ नये, संपर्क करू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलगी आईकडे राहावी, असे आदेश मिळू शकतात. तिला घराबाहेर काढता येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर आहे की सासऱ्याच्या, तेवढ्याने तिचा राहण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो गुन्हा, वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला की माहिती देतात. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. तो फोन तिने ब्रँचमधून करावा, स्वतःच्या मोबाइलवरून नको.

फौजदारी वाट निराळी. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ही तक्रार रक्ताच्या नात्यातल्या माणसालाही देता येते, म्हणजे कायद्याने तू स्वतः देऊ शकतोस. संरक्षण अधिकाऱ्यांना तर कुणीही खबर देऊ शकतं. देऊ शकतोस म्हणून देऊ नकोस. ताईने हो म्हटल्याशिवाय नाही. आणि 'तक्रार दिली की लगेच आत घालतात' या भ्रमातही राहू नकोस. या कलमाखाली सरसकट अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. म्हणजे तक्रार दिली त्या रात्री दाजी बहुधा घरीच असतील. मग ताई आणि भाची कुठे असतील, हे आधी ठरवायचं आणि मग ठाण्याची पायरी चढायची. (तिचा जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र परवानगीची वाट बघायची नाही, सरळ ११२.)

तुमच्याकडे अजून एक गोष्ट होणार, ती बैठक. मामा पुढाकार घेतील. दोन्हीकडची दहा-बारा पुरुषमंडळी सतरंजीवर बसतील, चहा होईल, आणि जिचा विषय आहे ती आत कपबश्या विसळत असेल. दाजी हात जोडतील, "पुन्हा होणार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून देतील, आणि त्याच कागदात खाली 'पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे' अशी ओळ कुणीतरी घुसवेल. मी असले कितीतरी कागद वाचले आहेत. तुझ्या वडिलांना सांग, असल्या कागदावर सही करायची नाही. बोलणी नकोतच असं माझं म्हणणं नाही. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढे राज्यभर तसे कक्ष झाले. तिथल्या प्रशिक्षित समुपदेशक दोघांशी आधी वेगवेगळं बोलतात. २००६ च्या नियमांप्रमाणे कोर्टाने नेमलेल्या समुपदेशनातसुद्धा 'ती अशी वागली म्हणून मी असं केलं' हे समर्थन नवऱ्याला मांडता येत नाही. सतरंजीवरच्या बैठकीत मात्र सगळी चर्चा नेमकी त्याच वाक्यापासून सुरू होते.

पुरुषांचा छळ होत नाही का, असं तू विचारशील, कारण शिबिरात तू हेच विचारलं होतंस. होतो. हा कायदा त्यांना लागू नाही, पण 'काय काय सोडलं?' हा प्रश्न त्यांनाही तितकाच लागू आहे. म्हाताऱ्या आईबापांनाही. त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. तो विषय मोठा आहे.

तू स्वतःही सांभाळ. ताई एकदा निघेल आणि परत जाईल, असं होऊ शकतं. निघून पुन्हा परत गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याचजणी शेवटी ज्याने पहिल्या वेळी टोमणा मारला नाही त्याच्याच दाराशी आल्या. आईबाबांना आत्ताच सगळं सांगायची घाई करू नकोस. पण "तुझी खोली तुझीच आहे, कधीही ये" हे वाक्य बाबांच्या तोंडून, कर्जाचा विषय न काढता, तिच्या कानावर पडलं तर बरं होईल. दिवाळीची वाट कशाला बघायची.

भेटून आलास की फोन कर, मेसेज नको. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते. कराडच्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सध्या कोण आहे आणि कोणत्या वारी भेटतात, ते मी या आठवड्यात विचारून ठेवते. ताईचं नाव न सांगता.

तुझी,
मॅडम